संतोष आणि ‘भरून पावलो’

ख्रिस्ती धर्माची द्रव्याविषयीची वृत्ती निव्वळ विरक्तीची आहे, असा समज अभ्यासकांतही आढळतो. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय मूळ ग्रीकमध्ये वाचला म्हणजे तो टिकत नाही. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठविलेली मदत त्यास पोचली आहे. आभार मानताना तो स्वतःस ‘औतार्केस’ म्हणवितो. स्तोइक तत्त्वज्ञांचा हा आवडता शब्द, अर्थ, स्वयंपूर्ण. परंतु दोनच वचनांनंतर आपले बळ दुसऱ्याकडून येते असे तो सांगतो, आणि स्वयंपूर्णतेचा ताठा गळून पडतो. याहून मौजेचे पुढेच आहे. ‘देणेघेणे’ हा हिशेबी शब्दप्रयोग येतो, आणि मदतीची पोच देताना ‘अपेखो’ हे क्रियापद. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील पावत्यांत रक्कम मिळाल्याची नोंद याच क्रियापदाने होते!

‘औतार्केस’साठी ‘संतोष’ योजल्यास आपल्या वाचकास पातंजल नियम आठवतील. ते मला चालेल. मात्र पुढचे पेढीवरचे शब्द सोवळे करून घेणे मान्य नाही. बोलीत उपरोध चिकटला असला, तरी तेथे जुन्या दस्तऐवजांतला ‘भरून पावलो’ हाच शब्द हवा.