दिवे मालवले, पण स्विचचं काय?

संध्याकाळचे साडेसहा. शेवटचं प्रॅक्टिकल संपलंय. लॅबवाले काका ट्यूबलाइट, पंखे, एसी बंद करून दाराला कुलूप लावतात. आत अंधार. पण भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत हिरवे दिवे अजून चालूच आहेत. तो आहे नेटवर्क स्विच. लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जिथे येऊन मिळतात, तो डबा. दिवाळीच्या सुट्टीतही तो बंद होत नाही.

एक साधा हिशेब करा. समजा, हा स्विच ३० वॅट खातो. २४ तासांचे झाले ०.७२ युनिट, म्हणजे वर्षाला साधारण २६३ युनिट. कॉलेजात असे २० स्विच असतील तर आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. बरं, एवढी वीज काम करण्यात जाते म्हणावं, तर तसंही नाही. तुम्ही एखादं वेबपेज उघडता, ते क्षणात येतं आणि मग दोन मिनिटं तुम्ही ते वाचत बसता. त्या दोन मिनिटांत केबलमधून जवळपास काहीच जात नाही. तरी स्विचचा पोर्ट पूर्ण ताकदीने चालूच.

असं का? फोनवर गप्पा मारताना समोरचा बोलत असला की आपण मधूनमधून ‘हं... हं...’ करतो. नाहीतर त्याला वाटतं, फोन कट झाला. नेटवर्कचंही असंच आहे. जुन्या १० मेगाबिटच्या इथरनेटला मधूनच एखादा ‘हं’ पुरायचा. पुढे १०० मेगाबिट आणि गिगाबिट आलं, तेव्हा दोन्ही टोकांची घड्याळं सतत जुळलेली ठेवणं गरजेचं झालं. त्यामुळे पाठवायला डेटा नसतानाही केबलवर रिकामे सिग्नल अखंड धावू लागले. एका सेकंदाचीही उसंत नाही!

या उधळपट्टीवर २००३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी एका शोधनिबंधात बोट ठेवलं. काम नसताना नेटवर्कच्या उपकरणांना झोपवता येईल का, असा त्यांचा सवाल होता. पुढे ब्रूस नॉर्डमन आणि केन क्रिस्टेन्सन यांनी केबलचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करायची कल्पना मांडली. पण वेग बदलण्यात जाणारा वेळ अडचणीचा ठरला. शेवटी वेग तोच ठेवून मधल्या शांततेत डुलकी काढायची, असं ठरलं. सप्टेंबर २०१० मध्ये ‘८०२.३एझेड’ हे मानक मंजूर झालं. त्याचं बोलीतलं नाव एनर्जी एफिशिएंट इथरनेट, थोडक्यात ‘ट्रिपल ई’. यात पोर्ट झोपतो, अधूनमधून एक ‘हं’ देतो आणि डेटा आला की उठतो. गिगाबिट पोर्टला उठायला किती वेळ लागतो? साधारण १६.५ मायक्रोसेकंद. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

मग प्रश्न मिटला? नाही ना! गिगाबिटवर १५०० बाइटचं एक पॅकेट जायला १२ मायक्रोसेकंद लागतात आणि पोर्टला झोपी जायलाच जवळपास १८० मायक्रोसेकंद. पॅकेटं एकेक करून येत राहिली, तर बिचारा पोर्ट झोपणार कधी? यावरचा उपाय आपल्या वडापवाल्याला आधीपासून ठाऊक आहे. एका प्रवाशासाठी जीप सोडायची नाही. सीट भरू द्यायच्या, मग निघायचं. तसंच पॅकेटं क्षणभर थांबवून एकगठ्ठा पाठवायची. वीज वाचते, पण प्रत्येक पॅकेटला थोडा उशीर होतो. ऑनलाइन गेम खेळणारे सेटिंगमध्ये जाऊन ट्रिपल ई बंद करतात, ते याच उशिराच्या धास्तीने.

आणखी दोन गोष्टी. केबलच्या दोन्ही टोकांना ट्रिपल ई असेल, तरच ते चालतं. शिवाय झोपतो तो फक्त पोर्ट. स्विचमधली मुख्य चिप, पंखा आणि पॉवर सप्लाय जागेच राहतात. म्हणजे २६३ युनिटांतले सगळे नाही, काहीच वाचणार.

मग तुम्ही काय करायचं? आधी एक तंबी : उत्साहाच्या भरात स्विचचा प्लग उपटू नका. सीसीटीव्ही किंवा हजेरीचं मशिन त्याच्यावरच असू शकतं. त्यापेक्षा आपल्या कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, नेटवर्क अॅडॉप्टरच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ट्रिपल ई चालू आहे का बघा. मिनी प्रोजेक्टला विषय सापडत नसेल, तर हा घ्या. सरांची परवानगी काढून एखादा सुटा स्विच आणि प्लगला लावायचा वीजमीटर मिळवा. तीन रीडिंग घ्या : एकही केबल नसताना, सगळ्या केबल जोडून पण काही न पाठवता, आणि मोठ्या फाइल कॉपी करताना. नंतर ट्रिपल ई चालू-बंद करून तेच पुन्हा करा. काम असताना आणि नसताना आकड्यात किती कमी फरक पडतो, हे मीटरच दाखवेल.

स्विच ‘मॅनेज्ड’ प्रकारातला असेल, तर रिकामे पोर्ट सॉफ्टवेअरमधूनच बंद ठेवता येतात. त्याला एक पैसाही लागत नाही, लागतं ते कुणीतरी विचारणं. तेव्हा रीडिंगला कॉलेजच्या वीजदराने गुणा आणि तो कागद घेऊन एचओडींच्या केबिनचं दार वाजवा. ‘वीज वाचवा’चं पोस्टर बऱ्याचदा तिथेच लावलेलं असतं.