पेशीच्या गेटवरचा पास

रात्री उशिरा होस्टेलच्या गेटवर पास दाखवावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. मांजर मात्र ग्रिलमधून खुशाल ये-जा करते! गेल्या वर्षी माझ्या मामांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर झाला. त्यावरच्या औषधांविषयी वाचताना कळलं, की आपल्या पेशीतही असंच एक गेट असतं. मी पडलो मेकॅनिकलचा, पण हे गेट काही डोक्यातून जाईना.

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, पण प्रथिने तयार होतात केंद्रकाबाहेर. डीएनए दुरुस्त करणारी, जनुके चालू-बंद करणारी प्रथिने आत जायलाच हवीत. त्यासाठी केंद्रकाच्या दुहेरी आवरणात हजारो छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो रेणूंचे बनलेले असते. मधोमध झडप नाही, तर लवचीक धाग्यांची दाटी असते. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू त्यातून सहज निसटतात (आपलं मांजर!). मोठे अडकतात.

मोठ्या प्रथिनाचा पास म्हणजे त्याच्याच साखळीतला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा. १९८४ मध्ये एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनात असा तुकडा ओळखला गेला. त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललं, तर प्रथिन बाहेरच राहिलं! हा पास ओळखतो इम्पोर्टिन नावाचा वाहक. धाग्यांना हलकेच चिकटत-सुटत तो मालासकट आत पोचतो.

आता आपला प्रश्न. छिद्रात ना पंप, ना मोटर. मग माल एकाच दिशेने कसा जातो? उत्तर आहे रॅन हे छोटं प्रथिन. केंद्रकात ते मुख्यतः जीटीपीसह असते, बाहेर जीडीपीसह. आत रॅन-जीटीपी इम्पोर्टिनला चिकटले, की माल सुटतो. मग ही जोडी बाहेर येते, तिथे जीटीपीचे जीडीपी होते आणि इम्पोर्टिन पुढच्या खेपेला मोकळा! म्हणजे ऊर्जा माल ढकलण्यात नाही, तर आत-बाहेरचा फरक टिकवण्यात खर्च होते.

बाहेर नेणारे वाहक वेगळे. त्यातला एक्स्पोर्टिन-१ रॅन-जीटीपीसोबत माल उचलतो आणि बाहेर सोडतो. कॅन्सरच्या अनेक पेशींत तो जास्त असतो, आणि पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालणाऱ्या प्रथिनांनाच बाहेर काढतो. सेलिनेक्सॉर हे औषध त्यालाच अडवते. अमेरिकेत २०१९ मध्ये मायलोमासाठी त्याला मान्यता मिळाली.

मामांना कोणतं औषध द्यायचं, ते डॉक्टर ठरवतात. पण दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना वहीत आकृती काढून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, म्हणजे गेट बंद करत नाहीत. बाहेर नेणारी गाडीच अडवतात!"

मामा कॉमर्सचे. पण एका वाक्यात समजले.