मुक्त डिजिटल शैक्षणिक साधने

मुक्त डिजिटल शैक्षणिक साधने म्हणजे अध्यापन व अध्ययन यांसाठी विनाशुल्क वापरता येणारी, इतरांना देता येणारी आणि गरजेनुसार बदलता येणारी सॉफ्टवेअर, संकेतस्थळे व डिजिटल अध्ययनसाहित्य होय. पाठ्यपुस्तकांच्या ई-आवृत्त्या, विज्ञानाचे आभासी प्रयोग, गणिताची रेखाटन साधने, मुक्त ज्ञानकोश आणि मुक्त परवान्यातील गोष्टींची पुस्तके यांचा त्यांत समावेश होतो. या लेखात अशा साधनांचे स्वरूप, तसेच मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचा वर्गातील उपयोग आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

विनामूल्य आणि मुक्त

‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत महत्त्वाचा भेद आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे आलेल्या विचारानुसार मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास चार स्वातंत्र्ये असतात : ते कोणत्याही कारणासाठी चालविणे, त्याची रचना अभ्यासून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे. लिबरऑफिस आणि मूडल ही या प्रकारची उदाहरणे आहेत. गूगल क्लासरूम शाळांना विनामूल्य मिळते, पण ते मुक्त नाही. जिओजेब्रा अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य असून त्याच्या परवान्यावर काही बंधने आहेत.

सॉफ्टवेअरप्रमाणे पाठ्यसाहित्यालाही मुक्त परवाना देता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने आपले पहिले परवाने २००२ मध्ये प्रसिद्ध केले. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा त्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत रूढ झाली. या विषयावरील शिफारस युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारली.

शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. विनामूल्य सेवा तिचा मालक केव्हाही बंद करू शकतो किंवा तिच्यासाठी शुल्क आकारू शकतो. मुक्त परवान्यातील धडा मात्र शिक्षकाने एकदा उतरवून घेतला की तो त्याच्याजवळ राहतो. तो शेजारच्या शाळेला देता येतो, त्यात स्थानिक उदाहरणे घालता येतात आणि त्याचे भाषांतरही करता येते.

नांदेड व लातूर : पार्श्वभूमी

नांदेड (१६ तालुके) आणि लातूर (१० तालुके) हे लगतचे जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानाचा भाग होते. संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यामुळे उच्च शिक्षणात मातृभाषेतून ज्ञान मिळण्याचा प्रश्न या भागात जुना आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली.

परीक्षेच्या नियोजनबद्ध सरावावर भर देणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूरचे नाव राज्यभर झाले. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या खाजगी शिकवण्या लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत मोठ्या प्रमाणावर चालतात. त्यांचे शुल्क न परवडणाऱ्या, खेड्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मुक्त साधने विशेष मोलाची ठरतात.

शासकीय उपक्रम

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारतीची स्थापना १९६७ मध्ये झाली. तिच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. २०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास अनेक गावांनी लोकवर्गणीतून शाळेसाठी प्रोजेक्टर, टॅबलेट आणि संगणक घेतले.

‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. ते ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला असता त्या पाठाशी संबंधित चित्रफिती व स्वाध्याय उघडतात. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी वापरात आणली होती. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

करोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम राबविण्यात आला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका त्याच वर्षीची. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथे दूरचित्रवाणी हाच आधार होता.

विषयवार उपयोग

गणित : मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेल्या जिओजेब्रामध्ये आकृती ‘जिवंत’ राहते. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा काढून एक शिरोबिंदू सरकवला, तरी त्या एकसंपातीच राहतात आणि मध्यगासंपात प्रत्येक मध्यगेचे २:१ या प्रमाणात विभाजन करतो. फळ्यावर एकच त्रिकोण दिसतो, तर येथे विद्यार्थी असंख्य त्रिकोण पाहून नियमाचा अंदाज स्वतः बांधतो. सिद्धता मात्र वहीतच लिहावी लागते.

विज्ञान : नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक आभासी प्रयोग मराठीत आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत विद्युत परिपथ जोडणे, रोध बदलणे व विद्युतधारा मोजणे हे प्रयोग त्यांद्वारे करता येतात. बॅटरी, तार व दिवा हे साहित्य मात्र स्वस्त असल्याने प्रत्यक्ष प्रयोगही त्यासोबत करून घ्यावा.

खगोलशास्त्र : स्टेलेरियम हे मुक्त सॉफ्टवेअर निवडलेल्या गावावरील त्या रात्रीचे आकाश दाखवते. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या परिसरात असतो, हे त्यावर पाहिले की मराठी महिन्यांची नावे नक्षत्रांवरून कशी पडली, हे सहज समजते.

भूगोल व इतिहास : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर जुन्या व नव्या गावठाणांची तुलना करणे हा या भागातील शाळांसाठी अर्थपूर्ण प्रकल्प होऊ शकतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तालुक्याच्या पर्जन्यमानाचे आकडे लिबरऑफिस कॅल्कमध्ये भरून आलेख काढल्यास पाणीटंचाईचा पाठ आकड्यांसह अभ्यासता येतो. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ले किंवा खरोसा येथील लेणी यांची विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर देता येतात.

भाषा : मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मराठी विश्वकोशाचे खंडही महाजालावर विनामूल्य वाचता येतात. एकाच विषयावरील या दोन ज्ञानकोशांतील नोंदी पडताळून पाहणे हा संदर्भशोधाचा उत्तम पाठ आहे.

भाषा आणि लिपी

नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली व धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. देगलूरप्रमाणेच उदगीर, देवणी व निलंगा हे तालुके कर्नाटकाला लागून आहेत. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू व दखनी या भाषा येथे बोलल्या जातात. तांड्यांवरील मुलांची घरची भाषा गोरमाटी असते, तर किनवट परिसरात गोंड व कोलाम समाजाच्या भाषा आहेत. पहिलीत येणाऱ्या मुलाला अनेकदा प्रमाण मराठीही नवी असते. ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावरील चित्रकथा मुक्त परवान्यात असल्यामुळे शिक्षक त्यांचे मुलांच्या घरच्या भाषेत रूपांतर करू शकतो. मुक्त परवान्याचा प्रत्यक्ष लाभ येथे सर्वांत ठळकपणे दिसतो.

लिपीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले साहित्य दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत दिसते आणि शोधयंत्राला सापडत नाही. त्यामुळे शिक्षकांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या प्रश्नपत्रिका व टाचणे निरुपयोगी होतात. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक वापरल्यास हे टळते. टंकलेखनासह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात उपलब्ध असून त्यांतील अनेक पाठ मराठीत आहेत.

मर्यादा

साधन विनामूल्य असले तरी त्यासाठी लागणारा मोबाइल, वीज आणि इंटरनेट विनामूल्य नसतात. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो पालकांबरोबर कामावर जात असेल, तर क्यूआर कोडचा विद्यार्थ्याला उपयोग होत नाही. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची अडचण याहून मोठी असते. त्यांची शाळाच अर्ध्या वर्षात सुटते.

इंटरनेटच्या अभावावर काही प्रमाणात उपाय आहेत. ‘किविक्स’द्वारे संपूर्ण मराठी विकिपीडिया उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येतो. ‘कोलिब्री’ या मुक्त प्रणालीमुळे एका संगणकावरील धडे वर्गातील इतर उपकरणांवर स्थानिक जाळ्याद्वारे पाहता येतात. दीक्षातील साहित्यही आधी उतरवून ठेवता येते.

विद्यार्थ्यांच्या माहितीची सुरक्षितता हा आणखी एक प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. त्यामुळे खाते न उघडता चालणारी साधने शाळेसाठी अधिक सोयीची ठरतात.

केवळ चित्रफीत दाखविणे म्हणजे अध्यापन नव्हे. पडद्यावरील दृश्य थांबवून प्रश्न विचारणे, अंदाज बांधायला लावणे आणि शेवटी वहीत लिहून घेणे, हे शिक्षकाचे काम कोणतेही साधन करत नाही.

साधन निवडण्याचे निकष

* परवाना कोणता आहे. प्रत काढण्याची व बदल करण्याची मुभा आहे का
* इंटरनेटशिवाय चालते का
* मराठीत किंवा मुलांच्या घरच्या भाषेत उपलब्ध आहे का. नसल्यास भाषांतर करता येते का
* जुन्या संगणकावर व स्वस्त मोबाइलवर चालते का
* विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती मागते का
* फळा, वही किंवा प्रत्यक्ष प्रयोग यांनी जे साधत नाही, ते यातून साधते का

हेही पाहा

* मुक्त सॉफ्टवेअर
* बालभारती
* मराठी विश्वकोश
* लातूर पॅटर्न
* स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ