दुकानदाराने शब्द मोडला, तर सौदा मोडता येतो का?

गेल्या वर्षी आमच्या आपाच्या मुलीचा निकाह झाला. वलीम्यासाठी शरारा शिवायला टाकला होता. किंमत २८ हजार ठरली, त्यातले १५ हजार आगाऊ दिले. वलीमा रविवारी, आणि कपडे त्याआधीच्या बुधवारी मिळणार, असं पावतीवर लिहिलेलं होतं. बुधवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी रात्री दुकानाचं शटर खाली! मुलगी मावसबहिणीचा शरारा घालून वलीम्याला बसली.

मंगळवारी दुकानातून फोन आला, "तयार आहे, घेऊन जा." लग्नघरात भांडण नको म्हणून आम्ही काही न बोलता उरलेले १३ हजार मोजले आणि पिशवी घेऊन घरी आलो. पुढे घरातल्याच एका वकिलाने सांगितलं, "ती पिशवी हातात घेईपर्यंत सौदा रद्द करायचा हक्क तुमचा होता. घेतली आणि संपला." तेव्हापासून हा कायदा आम्ही नीट समजून घेतला. तो साधा आहे आणि प्रत्येक घराला उपयोगी आहे.

वेळ महत्त्वाची होती का?

आपल्याकडे करारांसाठी १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्याचं कलम ५५ आधी एकच प्रश्न विचारतं: या सौद्यात ठरलेली वेळ हाच गाभा होता का? लग्नाचे कपडे, वलीम्याचं जेवण, हॉल, ईदसाठी शिवायला टाकलेली शेरवानी, यांत वेळ गेली की सगळंच गेलं. अशा वेळी काम झालं नाही तर ग्राहक सौदा रद्द करू शकतो.

पण स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या आठ दिवस उशिरा बसल्या, तर तेवढ्यावरून सौदा मोडता येत नाही. उशिरामुळे नुकसान झालं असेल तर त्याची भरपाई मागता येते, एवढंच. बांधकामाच्या कामातही न्यायालयं सहसा असंच धरतात. मुदत वाढवून देण्याची आणि उशिरासाठी दंडाची सोय करारातच असेल, तर वेळ हा गाभा नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाविरुद्धच्या एका ठेकेदाराच्या खटल्यात म्हटलं होतं.

मग सुतार महिनोन्‌महिने "उद्या येतो" म्हणत राहिला तर? त्याला लेखी कळवायचं: "अमुक तारखेपर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर सौदा रद्द समजा." मुदत वाजवी हवी. तीही चुकली, तर रद्द करायला भक्कम आधार मिळतो.

सरळ नकार आला तर

कलम ३९ सांगतं की समोरच्याने पूर्ण कामालाच नकार दिला, किंवा काम करता येणारच नाही अशी स्थिती स्वतःच ओढवून घेतली, तर आपण करार संपवू शकतो. समजा, उमराहचे पूर्ण पैसे घेतलेला टूरवाला निघायच्या आधी म्हणाला, "यंदा नेता येणार नाही." मग निघायच्या तारखेपर्यंत वाट पाहत बसायची गरज नाही. मात्र "बरं, पुढच्या महिन्यात न्या" असं आपण म्हटलं, तर करार चालू ठेवला असा अर्थ होतो.

थोडी कसूर म्हणजे सौदा रद्द नव्हे. बिर्याणी चांगली आली, पण फिरनी पन्नास वाट्या कमी पडली. पाहुणे जेवून गेले, आता "एक पैसा देणार नाही" म्हणणं ना कायद्यात बसतं ना इमानदारीत. कमी पडलं तेवढ्याचे पैसे कापा. आपलीही बाजू तपासा. माप द्यायला आपणच पंधरा दिवस उशिरा गेलो असू, तर टेलरला दोष कसा देणार?

रद्द करायचं कसं?

मनातल्या मनात सौदा रद्द होत नाही, समोरच्याला कळवावं लागतं. पत्र किंवा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. आपल्याला काही मिळालं असेल तर ते परत करावं लागतं, आणि त्यालाही आपला अॅडव्हान्स परत करावा लागतो. शिवाय योग्य कारणाने रद्द करणाऱ्याला कलम ७५ नुसार नुकसानभरपाईही मागता येते. "अॅडव्हान्स परत मिळणार नाही" ही पाटी दाखवली तर घाबरू नका. ग्राहकाने मन बदललं तर ती दाखवणं एक वेळ समजू शकतं. दुकानदारानेच काम केलं नाही, तेव्हा ती त्याची ढाल होऊ शकत नाही.

उशिरा आलेला माल ठेवून घ्यायचा असेल, तरी घेतानाच सांगा: "माल घेतोय, पण उशिराची भरपाई मागणार आहोत." हे न सांगता घेतला, तर कलम ५५ नुसार भरपाईही जाते. आमचं नेमकं हेच झालं.

घराचा ताबा बिल्डरने ठरल्या तारखेला दिला नाही, तर रेरा कायद्याचं कलम १८ आहे. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. महाराष्ट्रात त्यासाठी महारेराकडे तक्रार करायची.

बाकी तक्रारींसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ओळखीच्या दुकानात पावती मागायला आपण लाजतो. आता आम्ही पावतीवर तारखेपुढे आणखी एक ओळ लिहून घेतो: "या तारखेला न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत." जो दुकानदार ही ओळ लिहायला तयार नसतो, त्याच्याकडे आम्ही कापड ठेवत नाही.