पॅरामेट्रिक प्रवर्धन: स्फटिकाबद्दलचे गैरसमज

गैरसमज: पॅरामेट्रिक प्रवर्धक हा लेसरचाच भाऊबंद, स्फटिक आधी ऊर्जा साठवतो, मग सोडतो.

वस्तुस्थिती: तो काहीच साठवत नाही. पंपाचा, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या प्रखर प्रकाशाचा, एक फोटॉन जातो आणि त्याच क्षणी सिग्नलचा एक व आयडलरचा एक येतो. 532 नॅनोमीटरच्या हिरव्या पंपाने 800 नॅनोमीटरचा सिग्नल वाढवला, तर उरलेल्या ऊर्जेतून सुमारे 1588 नॅनोमीटरचा आयडलर निघतो. पंप थांबला की वाढही थांबते.

गैरसमज: तीन लहरींची एकमेकींत गुंतलेली समीकरणं संगणकाशिवाय सुटत नाहीत.

वस्तुस्थिती: आर्मस्ट्राँग, ब्लूमबर्गन, डुकुइंग आणि पर्शन यांनी ती 1962 मध्येच कागदावर सोडवली, तीही पंप आटतो हे धरून. रत्नागिरीत एम.एस्सी. करणाऱ्याला सुरुवातीला तेवढंही नको. पंप जवळजवळ तसाच राहतो असं माना. तिसरं समीकरण गळतं, उरलेली दोन रेषीय होतात. एकाचं पुन्हा अवकलन करून त्यात दुसरं घाला. फेज जुळलेली असेल, तर सिग्नलची तीव्रता हायपरबोलिक कोसाइनच्या वर्गाने वाढते. वहीचं एक पान पुरतं. संगणक खरोखर लागतो तो फेमटोसेकंदांच्या स्पंदांना.

गैरसमज: स्फटिक जितका लांब, तितकी वाढ जास्त.

वस्तुस्थिती: इथे बहुतेक जण घसरतात, कारण पाठ्यपुस्तकं फेजचं पद घाईत उरकतात. आंब्याला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून मूल वाकतं, ताठ होतं. वेळ साधली तर झोका चढतो, उलटी पडली तर मंदावतो. स्फटिकात तीन रंगांचे वेग वेगवेगळे असल्याने वाटेत वेळ चुकत जाते, आणि पुढच्या मिलिमीटरांत ऊर्जा उलट पंपाकडे वळते. म्हणून स्फटिक नेमक्या कोनात कापतात किंवा त्याची ध्रुवता ठरावीक अंतराने उलटवतात. फेज तंतोतंत जुळली तरी सिग्नल पंपाच्या तोडीचा झाला की सुरुवातीचं गृहीतक मोडतं. मग 1962 चं पूर्ण उत्तरच हवं.

गैरसमज: हे सगळं परीक्षेपुरतं.

वस्तुस्थिती: सिग्नल आणि आयडलर एकाच रंगाचे केले, तर स्फटिक एका फेजचा गोंगाट वाढवतो आणि दुसऱ्या फेजचा दाबतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी 2019 पासूनच्या निरीक्षणांत असा दाबलेला प्रकाश वापरला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली आहे.