नोटरी झाली म्हणजे खोली नावावर झाली असं नाही. फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची?

कामतघर (भिवंडी) : चाळीतली खोली, यंत्रमागाचा गाळा, नाहीतर गावाबाहेर गुंठा-दोन गुंठे जागा. भिवंडी शहरात आणि आसपासच्या गावांत असे बरेच व्यवहार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होतात. दोन्ही पार्ट्या नोटरीकडे जातात, सह्या-अंगठे होतात, गोल शिक्का बसतो आणि घेणारा निश्चिंत होतो. पुढे कधीतरी कळतं की तीच खोली दुसऱ्यालाही विकली आहे, किंवा मालक म्हणून सही करणारा माणूस मालक नव्हताच. मग पळापळ सुरू होते. पोलीस ठाण्यात सांगतात, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. नोटरी म्हणतो, मी फक्त सही बघितली.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. विकणाऱ्याविरुद्धची तक्रार आणि नोटरीविरुद्धची तक्रार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची दारंही वेगळी आहेत.

नोटरीच्या शिक्क्याने काय होतं?

कागदावर सही करणारा माणूस समोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने सही केली, एवढंच नोटरी प्रमाणित करतो. जागेचा मालक कोण, जागेवर कर्ज आहे का, बांधकाम अधिकृत आहे का, याची हमी त्या शिक्क्यात नसते.

100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 आणि नोंदणी कायदा 1908 तसं सांगतात. सुप्रीम कोर्टाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं, की साठेकरार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे कागद करून मिळकतीची मालकी मिळत नाही. घरपट्टी किंवा लाइट बिल नावावर असलं तरी तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

नोटरीची चूक कशाला म्हणायची?

सही करणारा समोर नसताना शिक्का मारणे, कोऱ्या कागदावर नोटरी करणे, मागची तारीख टाकणे, रजिस्टरमध्ये नोंद न करणे, नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर काम करणे, सनदेची मुदत संपल्यावरही शिक्का वापरणे. नोटरीची सनद 5 वर्षांची असते आणि नंतर तिचं नूतनीकरण करावं लागतं.

प्रत्येक नोटरीला रजिस्टर ठेवणं बंधनकारक आहे. त्यामुळे आपल्या कागदावर रजिस्टरचा अनुक्रमांक आहे का, हे आधी बघावं. नंबर नसेल, किंवा त्या नंबरवर दुसऱ्याच कागदाची नोंद निघाली, तर तक्रारीसाठी तो मोठा पुरावा ठरतो.

नोटरीविरुद्ध तक्रार कुठे करायची?

शिक्का नीट वाचावा. नियमानुसार त्यावर नोटरीचं नाव, त्याचं क्षेत्र आणि त्याला नेमणाऱ्या सरकारचं नाव असतं. शिक्क्यावर महाराष्ट्र शासन असेल तर तक्रार राज्याच्या विधि व न्याय विभागाकडे, मंत्रालयात जाते. भारत सरकार असेल तर ती नवी दिल्लीत केंद्रीय कायदा व न्याय मंत्रालयाच्या विधी व्यवहार विभागाकडे जाते.

तक्रारीचा ठरलेला नमुना आहे. नोटरी नियम 1956 मधला तो नमुना क्रमांक 13. नोटरीने नेमकं काय केलं आणि त्याचा पुरावा काय, या दोन्ही गोष्टी त्यात लिहाव्या लागतात. नमुन्यात नसलेली तक्रार परत येऊ शकते. तक्रारीची प्रत नोटरीला पाठवली जाते आणि त्याला लेखी म्हणणं मांडायला 14 दिवस मिळतात. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर चौकशी होते. दोष सिद्ध झाला तर सनद कायमची रद्द होऊ शकते, काही काळासाठी निलंबन होऊ शकतं किंवा ताकीद मिळू शकते.

नोटरी वकील असेल, तर वकील म्हणून त्याने केलेल्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडेही करता येते.

पोलिसात गेलं तर?

विकणारा, दलाल, खोटा मालक, खोटे साक्षीदार यांच्याविरुद्ध थेट पोलिसात तक्रार करता येते. 1 जुलै 2024 पासूनच्या प्रकारांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात फसवणुकीसाठी कलम 318, तोतयेगिरीसाठी 319, बनावट कागदासाठी 336 व 338 आणि तो खरा म्हणून वापरल्यास 340 आहे. त्याआधीच्या प्रकारांना भारतीय दंड संहितेची 419, 420, 467, 468, 471 ही कलमं लागतात.

तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज करावा. शहर हद्दीत पोलीस उपायुक्त, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षक. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

नोटरीच्या बाबतीत मात्र एक अडसर आहे. नोटरी कायदा 1952 च्या कलम 13 नुसार, नोटरीने कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सहजासहजी घेत नाही. त्यासाठी सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. म्हणून फक्त पोलिसांवर अवलंबून न राहता सरकारकडचा अर्जही सोबतच करावा. शिक्का मारणारा मुळात नोटरीच नसेल, तर नोटरी असल्याचं खोटं भासवणं हा त्याच कायद्याच्या कलम 12 खाली वेगळा गुन्हा आहे.

पैसे किंवा जागा कशी मिळणार?

नोटरीची सनद रद्द झाली तरी घेणाऱ्याचे पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं.

विकणारा खरा मालक असेल आणि खरेदीखत करून द्यायला टाळत असेल, तर करार पूर्ण करून मिळण्याचा दावा करता येतो. नोंदणी नसलेला करारही अशा दाव्यात पुरावा म्हणून दाखवता येतो. मात्र मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर ते दंडासह भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. जागा मिळाली नाही तर पैसे परत मिळावेत, ही मागणीही त्याच दाव्यात लिहून घ्यावी. ती लिहिली नाही तर मिळत नाही.

मुदत 3 वर्षांची आहे. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. खऱ्या मालकाच्या नावाने कुणी खोटा कागद केला असेल, तर मालकाला तो रद्द करून घेण्याचा दावा करता येतो. त्यालाही प्रकार कळल्यापासून 3 वर्षं मिळतात. "आज देतो, उद्या देतो" ऐकत बसलं की हीच मुदत हातातून जाते.

विकणारा अजून राजी असेल, तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नव्याने खरेदीखत करून ते नोंदवणं. कागद सही झाल्यापासून 4 महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो, दंड भरून आणखी 4 महिने मिळू शकतात. गुंठ्याच्या व्यवहारात 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यात शासनाने अलीकडे बदल केले आहेत, त्यामुळे आपला जुना व्यवहार त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावं.

इसार देण्याआधी

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः काढून बघावं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे जुने व्यवहार मोबाइलवरही शोधता येतात. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर 15100 आहे. जाताना मूळ कागद, पैसे दिल्याचे पुरावे आणि विकणाऱ्याशी झालेले मेसेज सोबत न्यावेत. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नये, झेरॉक्सच द्यावी.