फायबरच्या आतले लोखंड

मामूंच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा त्यांनी आम्हा दोघा नवरा-बायकोला शिकागोतल्या आपल्या घरी बोलावून घेतले. चहा झाल्यावर ते आम्हाला गॅरेजमध्ये घेऊन गेले. आत सोनेरी रंगाची, दोन दारांची एक बुटकी, लांबट गाडी उभी होती. बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले, "बेटा, हिला आता तुम्ही बघा. विका. पण आलेल्या पैशांतून पहिल्यांदा चिपळूणची फी गेली पाहिजे."

चिपळूणची फी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नातीची नर्सिंग कॉलेजची फी. मुलीला प्रवेश मिळाला होता, पैशांची जबाबदारी मामूंनी घेतली होती, आणि त्यांच्याजवळ विकण्याजोगी हीच एक वस्तू होती. १९६३ ची स्टुडबेकर अवांती.

स्टुडबेकर हे नाव मामूंनी अमेरिकेत पहिल्यांदा ऐकले नव्हते. तरुणपणी नागपाड्याच्या एका गॅरेजात काम शिकताना या कंपनीचे जुने ट्रक त्यांच्या हाताखालून गेले होते. पुढे ते शिकागोला कारखान्यात मशिनिस्ट म्हणून लागले. ज्या साउथ बेंड गावात ते ट्रक जन्मले, ते गाव आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे हे कळल्यावर त्यांना राहवले नाही. जुनी अवांती त्यांनी एका शेजाऱ्याकडून घेतली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली.

या गाडीची हकिगत थोडक्यात सांगायला हवी. स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान काढले आणि घोडागाड्या बनवता बनवता पुढे त्यांची कंपनी मोटारींकडे वळली. १९६० नंतर धंदा बसत चालला. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष शेरवूड एग्बर्ट यांनी प्रसिद्ध डिझायनर रेमंड लोई यांना बोलावून लोकांचे लक्ष वेधेल अशी गाडी मागितली. लोई यांनी कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला घर भाड्याने घेतले, तीन सहकाऱ्यांना बसवले आणि काही आठवड्यांत आराखडा तयार केला. एप्रिल १९६२ मध्ये अवांती लोकांसमोर आली. पुढे जाळी नाही, हवा बंपरच्या खालून आत जाते. छतात सुरक्षेसाठी पोलादी कमान. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, जे त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत दुर्मिळ होते.

बॉडी मात्र पत्र्याची नव्हती, फायबरग्लासची होती. ती ओहायो राज्यातल्या ऍशटाब्युला गावी बनत असे. सुरुवातीला तिचे भाग एकमेकांना नीट बसेनात. गाड्या उशिरा निघाल्या आणि वाट पाहून कंटाळलेल्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या गाड्या घेतल्या. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा मोटार कारखानाच बंद झाला. दोन वर्षांच्या मॉडेलांत मिळून ४,६४३ अवांती निघाल्या, त्यातली एक मामूंच्या गॅरेजात.

ऑक्टोबरमध्ये पहिले गिऱ्हाईक आले. चकचकीत रंग पाहून त्या गृहस्थांचे डोळे चमकले. त्यांनी इंजीन सुरू करून ऐकले, आसनावर बसून पाहिले आणि आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त किंमत सांगितली. चेकबुक खिशात होते. "फायबरची बॉडी, गंजायची भीतीच नाही," असे ते आपणहून म्हणाले.

आम्ही गप्प राहिलो. कारण आदल्याच आठवड्यात गाडी जॅकवर घेतली, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचे दार मागच्या कडेला घासू लागले होते. मामूंनी ते ऐकून नुसती मान हलवली होती.

फायबर गंजत नाही हे खरे. पण अवांतीच्या दोन्ही दारांखाली, बॉडीच्या कडेने, पोलादी पत्र्याची लांब पेटी असते. बॉडीला ताठपणा तीच देते. अमेरिकन मेकॅनिक तिला 'हॉग ट्रफ', म्हणजे डुकरांना खाऊ घालायची डोण म्हणतात. मामूंनी ते नाव कधी तोंडात घेतले नाही, ते तिला 'पन्हळ' म्हणतात. शिकागोकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणी आणि चिखल पन्हळीत शिरतो, निचऱ्याची भोके बुजतात आणि लोखंड आतून खाल्ले जाते. वरून काहीच दिसत नाही. दाराची फट कमी-जास्त होणे, जॅक लावल्यावर दार अडकणे, एवढीच काय ती खूण.

ते गृहस्थ चेक लिहायला बसणार, एवढ्यात मामू आतल्या खोलीतून काठी टेकत आले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगून टाकले. बॅटरी घेऊन त्या गृहस्थांना खाली वाकून दाखवले आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचले तर पत्र्याचा पापुद्रा हातात आला. त्यांनी आभार मानले आणि निघून गेले. त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. ऐब लपवून माल विकू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते ऐकण्याला त्या दिवशी पहिल्यांदा किंमत मोजावी लागली. फी जुलैत भरायची होती.

मग हिवाळाभर आम्ही गाडीखाली होतो. आमच्यापैकी कोणीच मेकॅनिक नाही. मामू खुर्चीवर बसून सांगत, एक जण काम करी आणि दुसरा वहीत लिहून घेई. त्या वहीतल्या काही गोष्टी जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही उपयोगी पडाव्यात.

पहिली गोष्ट, सुटा भाग शोधण्याआधी आपली गाडी नेमकी कोणती ते शोधावे. अवांतीचा क्रमांक 'आर' अक्षराने सुरू होतो. इंजिनावरच्या क्रमांकाआधी नुसता 'आर' असेल तर साधे इंजीन, 'आरएस' असेल तर सुपरचार्जरचे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मामूंची गाडी साधी निघाली आणि आमचा खर्च वाचला. मॉडेलचे वर्ष सांगून भागत नाही. कारखान्यात बदल हळूहळू होत गेले. हेडलाइटची गोल कड जाऊन चौकोनी आली, तीही सगळ्या गाड्यांवर एकाच दिवशी नव्हे. म्हणून जुना भाग काढून, मापून, फोटो घेऊन मगच मागवावा.

दुसरी गोष्ट, नात्यातल्या गाड्या ओळखाव्यात. अवांतीची चौकट स्टुडबेकरच्याच लार्क गाडीच्या चौकटीवरून घेतलेली होती आणि इंजिनाचे घराणेही कंपनीच्या इतर गाड्यांचे. त्यामुळे इंजीन, स्टेअरिंग, सस्पेन्शन यांचे कितीतरी भाग लार्क आणि हॉक यांच्याशी जुळतात. काचा आणि बॉडीचे भाग यांसाठी दुसरे नाते आहे. कारखाना बंद झाल्यावर साउथ बेंडमधल्याच नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन या दोन विक्रेत्यांनी अवांतीचे हक्क विकत घेतले आणि १९६५ पासून शेव्हरलेचे इंजीन घालून 'अवांती टू' बनवली. इंजीन वेगळे, पण बॉडी बरीचशी तीच.

तिसरी गोष्ट, माल तीन प्रकारचा मिळतो. कारखान्याच्या काळातला न वापरलेला, जुन्या गाडीतून काढलेला आणि आता नव्याने बनवलेला. जुना न वापरलेला म्हणजे उत्तम असे समजू नये. साठ वर्षे डब्यात पडलेले रबर हातात घेताच तडकते. रबर नवेच घ्यावे. धातूचा भाग जुना चालतो. पन्हळी मात्र आम्ही नव्याने बनवलेल्या, न गंजणाऱ्या पोलादाच्या घेतल्या.

त्या बसवताना मामूंनी एका वेळी एकच बाजू उघडू दिली. जॅक चौकटीला लावायचा, बॉडीला नाही. दारे बंद ठेवायची आणि दाराच्या फटीत पत्त्याचा पुठ्ठा सरकवून तपासत राहायचे. जुने रिव्हेट ड्रिलने काढताना फायबर जळू द्यायचे नाही. एक बाजू संपायला आम्हाला पाच रविवार लागले.

मग दिव्यांची भानगड निघाली. मागचा एक दिवा मंद जळत होता. आम्ही दोन बल्ब बदलले. मामू हसले. पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच वीज परत जाते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून दिव्याला परतीची वेगळी तार लागते. त्या तारेचे टोक सँडपेपरने घासले आणि दिवा लखलखीत झाला. खर्च शून्य.

ब्रेक ही खरी काळजीची बाब. त्या काळी ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. हे तेल हवेतला ओलावा ओढते आणि आतून गंज धरतो, म्हणून ते ठरावीक काळाने पूर्ण बदलावे लागते. आमचा एक कॅलिपर पाझरत होता. त्याच्या आत पोलादी अस्तर बसवून घ्यायला तो पोस्टाने पाठवला आणि परत येईपर्यंत गाडी हलवली नाही. इंधनाच्या नळ्याही बदलल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुने रबर त्याला टिकत नाही.

मे महिन्यात मिशिगनहून एक निवृत्त शिक्षक आले. आम्ही त्यांच्या हातात आधी फाइल दिली. त्यात बिले होती, पन्हळींचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते आणि राहिलेल्या दोषांची यादी होती: हीटरचा पंखा आवाज करतो, उजव्या दाराचे रबर पाणी सोडते, उन्हाळ्यात गर्दीत इंजीन तापते. त्यांनी यादी वाचली, कोट काढला आणि गाडीखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा पाठ धुळीने भरली होती. त्यांनी सांगितलेली किंमत ऑक्टोबरच्या किमतीपेक्षा कमीच होती. पन्हळींचा खर्च वजा जाता तर आणखी कमी. आम्ही मामूंकडे पाहिले. त्यांनी होकार दिला.

अल्हम्दुलिल्लाह, जुलैची फी वेळेवर गेली. पुढच्या वर्षाची अजून जमवायची आहे, आणि आम्ही दोघांनी त्यातला वाटा उचलला आहे.

गाडी गेली त्या दिवशी संध्याकाळी मामू रिकाम्या गॅरेजात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला वाटले, त्यांना एकटे राहू द्यावे. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"बेटा, पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस भरायचे त्यांना सांगितले का?"

आम्ही विसरलो होतो. त्यांनी फोन मागितला आणि अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांनी नंबर वाचता येईना, तेव्हा आम्ही लावून दिला. मग ते त्या शिक्षकांशी तासभर बोलत राहिले.